रीटा वेलिणकरचा एकांत

श्रोतेहो, नमस्कार.

शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती दादरहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यातल्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून. प्रत ग्रंथालयाची होती आणि माझ्या आधीच्या कुणी तरी समासात पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर खुणा करणाऱ्यांचा मला एरवी रागच येतो. या फुल्यांकडे मात्र मी लक्ष देऊन पाहू लागले, कारण रीटाच्या प्रेमप्रकरणाच्या पानांवर त्या जवळजवळ नव्हत्याच. त्या होत्या तिच्या आईवडिलांच्या आणि बहिणींच्या पानांवर.

ही कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली. चार बहिणींतली थोरली रीटा १८व्या वर्षापासून घराचा भार उचलते आणि ज्याच्या हाताखाली ती काम करते त्या साळवी या विवाहित गृहस्थाशी पुढे तिचे अनेक वर्षांचे नाते जुळते. मग एका टप्प्यावर तिचे मन कोलमडते, तिला रुग्णालयात ठेवावे लागते, आणि तिथे तिचे सारे मागचे आयुष्य तिच्यापुढे येऊन उभे राहते. विवाहित पुरुषात गुंतलेल्या बाईची कथा, अशी या कादंबरीची ओळख एका ओळीत करून दिली जाते. लेखिकेच्या कन्या रेणुका शहाणे यांनी २००९ साली तिच्यावर ‘रीटा’ हा चित्रपट केला, त्यात पल्लवी जोशी यांनी रीटाची भूमिका केली, तेव्हाही बोलणे बरेचसे साळवीभोवतीच फिरत राहिले. मला ती ओळख अपुरी वाटते. साळवीने रीटाला दुखावले हे खरेच आहे, पण तो भेटण्याच्या कितीतरी आधी, घरातल्या माणसांनी तिला गृहीत धरले तेव्हापासूनच, ती एकटी पडलेली आहे.

गतकाळ पाठ सोडत नाही अशी एकाकी स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड वाडा आणि कुलूप घातलेली खोली येते. मुंबईत तेवढी जागा आहे कुणाकडे? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ओटा, आजाऱ्याची खाट आणि अभ्यासाला बसलेले पोर एकाच भिंतीला टेकलेले असते आणि बाईला रडायचेच असले तर मोरीतला नळ सोडून रडावे लागते. सकाळची गाडी, कचेरी, परतताना भाजी, रात्री धाकट्यांच्या फीचा हिशेब, यात मागचे आठवत बसायला सवड मिळते कधी? रीटाला ती रुग्णालयातल्या खाटेवर मिळते, कारण तिच्याकडे काही मागायला तिथे कुणी येत नाही. तिचे कोलमडणे हीच तिची पहिली रजा आहे, असे मला ते प्रसंग वाचताना वाटत राहिले.

या ठिकाणी मला बरोबर शंभर वर्षे मागची एक नायिका आठवते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू पुण्याच्या एकत्र कुटुंबातून नवऱ्याबरोबर मुंबईला येते, इथे तिला वाचायला आणि मोकळेपणाने चार शब्द बोलायला मिळतात, आणि तो वारल्यावर पुण्यात तिचे सक्तीने केशवपन केले जाते. सगळे हरवून बसल्यावर यमू स्वतःची हकीकत लिहिते. तिच्या आठवणीतली मुंबई हा सुखाचा लहानसा तुकडा आहे. रीटाला याच मुंबईत नोकरी आहे, स्वतःचा पगार आहे, कुणाची सक्ती अशी दाखवता येत नाही. यमूला निदान कुणावर बोट ठेवता येते. रीटाने ठेवावे ते कुणावर? तिने जे केले ते आपल्याच माणसांसाठी आणि आपल्याच हाताने केले, आणि म्हणून तिची आठवण वारंवार तिच्याच अंगावर उलटते.

सरस्वती ही तिची मैत्रीण या साऱ्यात तिच्या बाजूने उभी असते. रक्ताच्या नात्यांनी जे विचारले नाही ते विचारणारे एक माणूस रीटाला मिळाले, याचे मोल मला साळवीच्या प्रेमापेक्षा जास्त वाटते.

त्या ग्रंथालयाच्या प्रतीत शेवटची काही पाने कोरी होती. एकही फुली नव्हती. खुणा करणारीने, म्हणजे ती बाईच असावी असे मी आपले धरून चालले आहे, पुस्तक तिथेच मिटले की पुढचे न थांबता वाचून काढले, ते कळायला मार्ग नव्हता. मागच्या चिठ्ठीवर मात्र एकाच सभासद क्रमांकापुढे मुदतवाढीचे तीन शिक्के होते.