चिमणीखालचं लोअर परळ

(दृश्य: सकाळ, करी रोडचा पूल, गळ्यात आयकार्ड घातलेली गर्दी)

सकाळचे साडेनऊ. करी रोडला स्लो लोकल लागली की ही सगळी माणसं जिन्यावर, जिन्यावरून पुलावर, पुलावरून डिलाईल रोडला आणि तिथून कुठल्यातरी गिरणीच्या गेटातून आत. गेटावरची नावं बघा, अजून गिरण्यांचीच आहेत. कमला मिल, रघुवंशी मिल, तोडी मिल, मथुरादास मिल. आत कापूस नाही, सूत नाही, लॅपटॉप आहेत. पण वेळेवर गेटात शिरायची ती घाई तशीच, फक्त भोंगा वाजत नाही, मोबाईल वाजतो.

आता तुम्ही म्हणाल यात काय विशेष, ऑफिस आहे तिथे माणसं जाणारच. पण हा भाग नीट बघा ना. अरुंद रस्ते, ट्रॅफिक, फुटपाथवर पार्किंग, एका बाजूला बांधकामाची धूळ, दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड. पाऊस पडला की हिंदमाताला पाणी भरलं ही बातमी दरवर्षी ठरलेली, ते इथून फार लांब नाही. तरीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जाहिरातवाले आले, चॅनेलवाले आले, बँका आल्या, कपड्यांचे डिझायनर आले, मग हॉटेलं, मग टॉवर, आणि आता नागपूर, इंदूर, दिल्लीहून नोकरीला आलेली पोरं तिघं-चौघं मिळून इथेच फ्लॅट शोधतात. का? एवढी मोठी मुंबई पडलीय, मग गिरणगावच का?

एजंटला विचारलं तर एका शब्दात सांगतो, लोकेशन. आणि ते खोटं नाही. हा नकाशा बघा. डावीकडे वेस्टर्नची लाईन, लोअर परळ स्टेशन, उजवीकडे सेंट्रलची लाईन, करी रोड, चिंचपोकळी, परळ. दोन लाईनींच्या मधून चालत दहा-बारा मिनिटांत इकडून तिकडे. खाली फोर्ट, वर वांद्रे, आणि आपण बरोबर मध्ये. विरारचा माणूसही एका गाडीत येतो, डोंबिवलीचाही एका गाडीत येतो. पण ही स्टेशनं काही लॅपटॉपवाल्यांसाठी झालेली नाहीत, गिरण्यांमुळे इथे वस्ती दाटली आणि तिच्या गर्दीने ती भरली. लोकेशन लोकेशन म्हणतात ते आधीच्या माणसांनी पायांनी तयार केलेलं आहे, हे मात्र एजंट सांगत नाही.

(दृश्य: जुन्या फोटोंची मालिका, मग शेडचं छप्पर आतून)

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, 1854 साली. त्यानंतर ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ करत करत गिरण्या पसरत गेल्या. इथली हवा दमट, आणि दमट हवेत धागा कमी तुटतो, शिवाय बंदर जवळ, कापूस यायला आणि माल जायला सोपं. शेवटी शेवटी 58 गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली जमीन होती अंदाजे 600 एकर. आज मुंबईत 600 एकर म्हटलं की बिल्डरची झोप उडते, तेव्हा तो शहराच्या कडेचा दलदलीचा, खाजणाचा भाग होता.

हे छप्पर जरा नीट बघूया, कारण आमच्या मते सगळी गोष्ट या छपरातच आहे. करवतीच्या दात्यांसारखं आहे ना? एक बाजू उतरती, पत्र्याची किंवा कौलांची, आणि दुसरी बाजू जवळपास उभी, काचेची. ती काच नेहमी उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर साधारण सारखा, सावल्या पडत नाहीत, डोळ्यांवर चमक येत नाही. खाली साचे, म्हणजे माग. साचे जड आणि हादरणारे, म्हणून साचाखातं तळमजल्यावर. सूतकताईची खाती बाजूच्या उंच दगडी इमारतीत मजल्यावर मजले, आत ओतीव लोखंडाचे खांब, आणि मशीनच्या डोक्यावर पट्टे, शाफ्ट फिरायला जागा हवी म्हणून छत भलतंच उंच.

आता 1995-2000 च्या आसपास एखादा जाहिरातवाला किंवा फोटोग्राफर इथे पहिल्यांदा शिरतो तेव्हा तो काय म्हणतो? काय नॅचरल लाइट आहे! काय हाइट आहे! अरे पण तो लाइट, साच्यासमोर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला तुटलेला धागा दिसावा म्हणून होता. उंची मशीनसाठी होती. ज्याला आज कॅरेक्टर म्हणतात आणि ज्याचं भाडं वेगळं लावतात, ती कुणाच्या तरी कामाची साधी सोय होती.

(दृश्य: चाळीचा व्हरांडा, दुपार, कपडे वाळत घातलेले)

आणि काम संपल्यावर माणूस जाणार कुठे, तर इथे. कोकणातनं, साताऱ्या-कोल्हापूर-सांगलीकडून माणसं आली, बहुतेक एकटी, बायको-पोरं गावाला. एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून एक खोली घ्यायची, गावकीची खोली. रातपाळीवाला सकाळी झोपायला आला की दिवसपाळीवाला उठून गेलेला, त्यामुळे खोली दहा बाय बाराची असली तरी अंथरूण थंड व्हायचं नाही. ट्रंका भिंतीला रांगेत, गावी पाठवायच्या पैशांचा हिशोब एकाकडे, भजनाचे टाळ खुंटीला. आज तीन मुलं एक टूबीएचके शेअर करतात आणि त्याला को-लिव्हिंग म्हणतात, म्हणोत बापडे.

मग एवढ्या एकट्या पुरुषांना जेवायला कोण घालणार? खाणावळवाल्या बायका. हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त दाखवायचा होता, कारण गिरणगाव म्हटलं की सगळे गिरणीची धुराची चिमणी दाखवतात, चूल कुणी दाखवत नाही. पहाटे उठून दहा-वीस माणसांचं जेवण, भाकरी, कालवण, शनिवारी उपासाचं वेगळं, आणि पैसे महिन्याने. किराण्याला पैसे आज लागणार, मिळणार पगाराला, मध्ये सावकार. त्या सावकाराच्या तावडीतून सुटायला 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संप झाला, गिरण्या बसल्या, त्यानंतर कित्येक घरं याच बायकांच्या तव्यावर चालली.

(दृश्य: दुपारी एक, कमला मिलबाहेरची गल्ली, डबे, टपऱ्या)

ही गल्ली त्याचाच पुढचा भाग समजा. काचेच्या बिल्डिंगमध्ये एका कॉफीला जेवणाएवढे पैसे, आणि गेटाबाहेर पोळी-भाजी, मिसळ, ऑम्लेट-पाव, राइस प्लेट. या काकू घरातून डबे करून आणतात, हे त्यांचं टेबल, टेबल म्हणजे उलटा केलेला क्रेट. सासूबाई खाणावळ चालवायच्या म्हणाल्या, तीच भांडी आहेत. रांगेत उभे आहेत ते सगळे ऑफिसवाले. नवीन माणसाला इथे राहावंसं का वाटतं यावर लोक आर्किटेक्चर आणि नाइटलाइफ सांगतात, आम्हाला विचाराल तर महिनाअखेरीला खिशात पैसे नसताना पोटभर जेवायला मिळतं, हे कारण पहिल्या तिनात येतं.

आता मधला इतिहास. 18 जानेवारी 1982, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच्यावर स्वतंत्र फिल्म लागेल. आपल्यासाठी एवढं की त्यानंतर गिरण्या एकेक करून थंड पडल्या आणि जागा रिकाम्या राहिल्या.

पण रिकामी जागा आणि पाडलेली जागा यात फरक आहे, आणि इथे खरी गंमत आहे. 1991 च्या विकास नियमावलीत नियम 58 आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर तीन वाटे, एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला, घरांसाठी, आणि एक मालकाला. दोन वाटे सोडायला कोण तयार होणार? त्यामुळे बऱ्याच मालकांनी पाडलंच नाही. आहे ती शेड तशीच ठेवली, आतून रंग, एसी, काचेचं दार, आणि भाड्याने. म्हणजे जुन्या शेडी कुणाच्या वारसाप्रेमामुळे टिकल्या असं समजू नका, जमीन वाटावी लागू नये म्हणून टिकल्या.

आणि नेमकं त्याच वेळी नरिमन पॉइंटचं ऑफिसभाडं जगातल्या सगळ्यात महाग भाड्यांमध्ये जाऊन बसलं होतं. 1991 नंतर उदारीकरण, केबल टीव्ही, नवीन कंपन्या, नवीन जाहिराती, सगळ्यांना जागा हवी आणि ती फोर्टात परवडत नाही. मग कुणीतरी म्हणालं परळला बघ, गिरणीत. क्लायंट तिकडे येईल का ही भीती होती, पण भाडं ऐकलं की भीती कमी व्हायची. असं आधी ज्याच्याकडे पैसे कमी आणि सामान जास्त तो आला, स्टुडिओवाला, एडिटिंगवाला, फर्निचरवाला. तो आला म्हणून कॅफे, कॅफे आला म्हणून त्याचे मित्र, मित्र आले म्हणून पेपरात फोटो.

(दृश्य: फिनिक्सची चिमणी, खालून वर, संध्याकाळ)

ही फिनिक्स मिल, 1905 ची. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी इथे बोलिंग अ‍ॅली सुरू झाली, मग दुकानं, मग 2009 च्या सुमाराला पॅलेडियम मॉल. चिमणी ठेवलीय, खाली लोक सेल्फी काढतात, आम्हीही काढला. पलीकडे मथुरादास मिल कंपाउंडात 2007 मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं, लाइव्ह म्युझिकसाठी वांद्र्या-कुलाब्याची माणसं रात्री अकरा वाजता गिरणीचा पत्ता विचारत यायला लागली. टॅक्सीवाल्यांना पत्ता पाठ होता, त्यांच्यातल्या काहींनी तिथेच काम केलं होतं.

याच काळात मात्र खेळ बदलत होता. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली, वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. प्रकरण कोर्टात गेलं, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. झालं, आता शेड ठेवण्यात काय फायदा? मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 2005 मध्ये 702 कोटींना गेली आणि 2012 मध्ये तीच पुन्हा 2,727 कोटींना विकली गेली. श्रीनिवास मिलच्या जागी हा वर्ल्ड वन टॉवर, 280 मीटर उंच. इथल्या एका टॉवरच्या लॉबीत कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे टॉवर तुम्हाला सगळे खालूनच दिसतील, तसेही इथल्या जुन्या लोकांना ते खालूनच दिसतात. ज्या छपरांसाठी पहिले लोक आले ती छपरं अशी गेली. पहिला स्टुडिओवालाही गेला, त्याला भाडं परवडेना.

2017 हे एकच वर्ष सांगतो. 29 सप्टेंबर, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी, 23 माणसं गेली. 29 डिसेंबर, कमला मिलमध्ये रूफटॉप रेस्टॉरंटला आग, 14 गेली. गिरणीच्या काळातल्या वाटा, त्यावर कितीतरी पट माणसं.

(दृश्य: लालबाग, मसाल्याचे डंक, लाल धूळ, तोंडाला रुमाल)

आता चला लालबागला, हा शॉट आम्हाला कापवत नव्हता म्हणून जरा लांबच ठेवलाय. एप्रिल-मे. बेडगी, काश्मिरी, लवंगी, संकेश्वरी, मिरच्यांचे ढीग. बायका घरून यादी घेऊन येतात, मालवणी वेगळा, घाटी वेगळा, धणे किती, दगडफूल किती, नाकेश्वर घालायचं की नाही यावर दुकानदाराशी वाद. मिरची देठं काढून, भाजून, मग डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर. तो ठोका ऐका. आजूबाजूला शिंका. गेली काही वर्षं या रांगेत टॉवरमधल्या बायकाही दिसतात, काहींच्या हातात सासूने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी, आणि तयार पाकीट घेण्यापेक्षा समोर उभं राहून कुटून घेणार. शेजारच्या गल्लीत चिवडा. गणपतीत तर काय बोलायलाच नको, चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासून, गणेश गल्ली 1928, लालबागचा राजा 1934. नवीन भाडेकरू पहिल्या वर्षी आवाजाची तक्रार करतो, दुसऱ्या वर्षी गावाकडच्या पाहुण्यांना दर्शनाला घेऊन येतो.

या नवीन लोकांवर आमचा राग नाही. कोकणातून आलेला माणूसही इथे एकदा नवीनच होता, आणि तोही त्याच कारणांनी आला, काम चालत जाण्याच्या अंतरावर, गावचं कुणीतरी आधी आलेलं, परवडणारं जेवण, रात्री उशिरापर्यंत जाग. फरक भाड्याचा आहे. त्याची पागडीची खोली होती, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे आणि मग महिन्याला किरकोळ भाडं. आता पुनर्विकासात खोलीच्या बदली फ्लॅट मिळाला की मेंटेनन्स परवडत नाही, म्हणून बरेच जण तो भाड्याने देऊन डोंबिवली, विरार, बदलापूरला जातात. तो फ्लॅट घेतात ही तीन पोरं. सकाळी एकमेकांसमोरून जातात बहुतेक, ती पोरं खाली उतरतात तेव्हा घरमालक लोकलने याच स्टेशनात कामाला येत असतो.

(दृश्य: ना. म. जोशी मार्ग, म्हणजे डिलाईल रोडच, बीडीडी चाळी, अर्ध्या उभ्या अर्ध्या पाडलेल्या)

इथे 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी. 160 चौरस फुटांच्या खोल्या, त्या बदल्यात 500 चौरस फुटांचे फ्लॅट, वरळीत पहिल्या चाव्या 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या. इकडे खाली रस्त्यावर एजंटांचे बोर्ड आत्ताच लागलेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले, त्यातल्या काही हजारांना सोडतीत मुंबईत घर मिळालं, बाकीच्यांसाठी शेलू आणि वांगणीचं नाव निघालं तेव्हा ते मोर्चा घेऊन रस्त्यावर आले. शेलू-वांगणी कर्जत लाईनला, बदलापूरच्याही पुढे. करी रोडला उतरायचं तर मध्येच गाडी बदलून स्लो पकडावी लागेल.