हवाई दलात पायलट व्हायचंय? आधी माप घ्या, मग क्लास लावा

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासची फी भरण्याआधी दोन गोष्टी तपासा : माप आणि डोळे. लोक नेमकं उलटं करतात. दोन वर्षं गणित घोटतात, लेखी निघते, एसएसबी (निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत) निघते आणि मेडिकलला कळतं की मांडी लांब आहे.

फ्लाइंग ब्रँचसाठी, म्हणजे वैमानिकांच्या शाखेसाठी, उंची किमान 162.5 सेंटीमीटर लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. बाकीची मापं कॉकपिटवरून ठरलेली आहेत. बसल्यावरची उंची 81.5 ते 96, पायाची लांबी 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64 सेंटीमीटर. पाय आखूड असला तर रडरच्या पेडलपर्यंत नीट पोचत नाही. मांडी लांब असली तर इजेक्ट होताना, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर फेकलं जाताना, गुडघा समोरच्या पॅनेलवर आपटायची भीती. घरी अंदाज घेता येतो. भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ करा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. कंबर जरा पुढे सरकली की दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून टेप दुसऱ्याने धरावी.

आता डोळे. एक डोळा 6/6, दुसरा 6/9 चालतो, पण मायनस नंबर असेल तर एनडीएतून फ्लाइंग मिळत नाही. रंगदृष्टी दहावीतच तपासून घ्या, ठिपक्यांतले आकडे वाचायची ती चाचणी. तो दोष औषधाने जात नाही. आणि अठराव्या वर्षी घाईने लेसर करू नका! विसाव्या वर्षाआधी केलेलं ऑपरेशन ग्राह्य धरत नाहीत, शिवाय त्यानंतर किमान वर्षभर थांबावं लागतं. म्हणजे लेसरवाल्यांसाठी वाट पदवीनंतरची, एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) किंवा सीडीएसची (संरक्षण दलांची एकत्रित परीक्षा). तिथे वयोमर्यादा 20 ते 24, तेव्हा हिशेब करूनच तारीख घ्या. जाहिरातीतलं मेडिकलचं परिशिष्ट दर वेळी नव्याने वाचा.

अकरावीला गणित सोडून बायोलॉजी घेणं ही घरोघरी होणारी चूक. एनडीएच्या हवाई दल शाखेला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. लेखी 900 गुणांची, एसएसबीही 900 ची. तरी सगळी तयारी लेखीचीच चालते. एसएसबीतल्या वर्ड असोसिएशनमध्ये (शब्द बघून लगेच वाक्य लिहायची चाचणी) 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद. पाठ केलेली वाक्यं तिथे लगेच उघडी पडतात.

शेवटची अट सगळ्यात कडक. सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, आयुष्यात एकदाच देता येते. डायल वाचणं, हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळे चालवणं, असं तिचं स्वरूप. नापास झालात तर पुढे एएफकॅटमधूनही फ्लाइंग ब्रँच बंद. आदल्या रात्री जागरण करून किंवा ताप अंगावर काढून तिला बसू नका, आणि सूचना समजली नाही तर सुरू होण्याआधीच विचारा. एनडीएच्या अर्जात फक्त हवाई दल भरून मोकळे होऊ नका. सैन्य आणि नौदलाचे पर्यायही पसंतीक्रमाने भरा.