बॉयलर श्वास कुठून घेतो?

नमस्कार. विषय जाहीर झाला आहे तो असा : घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरजवळ फ्रिज, वॉशिंग मशीन, कपडे वाळवायचा ड्रायर कसे ठेवावेत. तुमच्या प्रत्येकाच्या घरी बॉयलर आहे, म्हणून तो असतो कसा हे एका वाक्यात सांगतो : तो गॅस जाळून पाणी तापवतो, आणि ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवून घर उबदार ठेवतो. हे काम मी अठ्ठावीस वर्षं करतोय आणि इतक्या वर्षांत लोकांनी मला विचारलेला प्रश्न एकच आहे : "किती अंतर सोडायचं?" दोन फूट? तीन फूट? जणू बॉयलर म्हणजे शेकोटी, आणि चटका लागू नये एवढी काळजी घेतली की झालं.

आजचे बहुतेक बॉयलर बाहेरून जेमतेम कोमट असतात, हात लावून बघा. चटक्याची भीती फारशी उरलेलीच नाही. मला विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा : माझा बॉयलर श्वास कुठून घेतो, सोडतो कुठे, आणि मी शेजारी ठेवतोय त्या यंत्रामुळे त्याचा श्वास अडतो का?

कंदील ज्यांनी लावला असेल त्यांना हे चटकन कळेल. काच बसवताना खालची जाळी काजळीने बुजलेली असली की ज्योत पिवळी होते, लांब होते, भुरभुरते, आणि थोड्याच वेळात काच काळी पडते. तेल तेच, वात तीच, हवा कमी. गॅसचंही तसंच. एक घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जाळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते. प्रोपेनला तर चोवीसच्या आसपास. मध्यम आकाराचा, चोवीस किलोवॉटचा बॉयलर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला पंचवीसेक घनमीटर हवा पितो. ती कमी पडली की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

आता एका घराची गोष्ट सांगतो. जरा लांबेल, पण मी आज आलोय तीच सांगायला. एका कुटुंबातल्या बाईंचं डोकं दर रविवारी दुपारी दुखायचं. मुलं त्याच वेळी पेंगायची. बाहेर फिरायला गेलं की तासाभरात सगळे टवटवीत. डॉक्टर झाले, चष्म्याचा नंबर तपासून झाला. बॉयलर तर तीनदा तपासला गेला, तीन वेगवेगळ्या माणसांनी, आणि तिघांनी लिहून दिलं : ठीक. चौथा मी. मी गेलो तेव्हा बाईंनी दार उघडता उघडताच सांगितलं, "काही सापडणार नाही, पण बघा."

बॉयलर जुन्या पद्धतीचा होता, खोलीतलीच हवा घेणारा आणि धूर धुराड्याने वर सोडणारा. शेजारी ड्रायर. बॉयलरपासून मोजून तीन फुटांवर फ्रिज, म्हणजे अंतराच्या हिशोबाने सगळं चोख. मी विचारलं, रविवारी दुपारी घरात काय काय चालू असतं? आठवड्याचे कपडे ड्रायरमध्ये, ओट्यावर स्वयंपाक, वरची धूर ओढणारी पंख्याची चिमणी जोरात, आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. म्हटलं, मग आज रविवार करू या.

दारं-खिडक्या लावल्या. बॉयलर पूर्ण ताकदीने चालवला, पाच-सात मिनिटं थांबलो, आणि धुराची काडी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर सुरेख आत ओढला गेला. इथपर्यंत माझ्याआधीचे तिघेही आले होते. मग ड्रायर चालू केला. धूर थबकला, डुलायला लागला. मग चिमणी चालू केली, आणि धूर उलटा फिरून सरळ माझ्या तोंडावर आला. धुराड्यातून वर जायला हवं ते सगळं खोलीत सांडत होतं. मी तिथल्या तिथे बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलांना बाहेर पाठवलं. आजही ते दृश्य आठवलं की माझे हात गार पडतात, कारण ती मुलं असे कित्येक रविवार त्या खोलीशेजारी झोपली होती.

धुराडं गरम हवेच्या हलकेपणावर चालतं, त्याचा ओढा जेमतेम काही पास्कलचा, म्हणजे दाबाच्या हिशोबाने अगदीच नाजूक. बाहेर हवा फेकणारा ड्रायर तासाला शे-दीडशे घनमीटर हवा घराबाहेर काढतो. मोठी चिमणी तीनशे-चारशे आणि वरही. बॉयलरला लागतात पंचवीस. या ओढाताणीत कोण जिंकणार? घरात हवा कमी पडली की ती मिळेल त्या वाटेने आत येते, आणि सगळ्यांत मोकळी वाट म्हणजे धुराडंच.

पण त्या खोलीत हवेसाठी भिंतीत जाळी होतीच की! ती कुठे गेली? फ्रिजच्या मागे. जाळीतून गार वारा येतो म्हणून फ्रिज तिच्यापुढे सरकवलेला. तीन फुटांवरचा फ्रिज, कुणाला चटका नाही, कुठे ठिणगी नाही, आणि बॉयलरचं नाक दाबलेलं. म्हणून अंतराच्या प्रश्नावर मी चिडतो. आणि सगळी यंत्रं बंद ठेवून, दार उघडं टाकून केलेल्या तपासणीवर त्याहून जास्त चिडतो. तपासणीला माणूस आला की त्याला सांगा : दारं लावा, ड्रायर लावा, पंखे लावा, आणि मग धूर कुठे जातो ते मला दाखवा.

'चिमणी' हा आपला शब्द मला फार आवडतो. पक्षी चिमणी, दिवा चिमणी, धुराडं चिमणी. त्यातल्या पक्ष्यावरून आठवलं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1890च्या दशकात हा कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून आपल्यावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवलं, आणि खाणीत छोटे प्राणी-पक्षी न्यावेत असं सुचवलं. लहान जिवाचा श्वास भरभर चालतो, त्याला विष आधी बाधतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी अगदी 1986पर्यंत होते. त्या घरात मुलं पेंगायची, हे लक्षात घ्या.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. जाहीर केलेला विषय आता भरभर सांगतो.

ड्रायर आणि बॉयलर एका खोलीत शक्यतो नकोत. हवेची ओढाताण सांगितलीच, शिवाय कपड्यांचे तंतू बर्नरमध्ये जाऊन बसतात. ब्लीच, स्प्रे, थिनर यांच्या बाटल्याही तिथे ठेवू नका. क्लोरीन असलेल्या वाफा ज्वाळेतून गेल्या की आम्ल होतं आणि बॉयलरचं आतलं धातूकाम खातं. थिनर-पेट्रोलचा धोका वेगळा सांगायला नको.

फ्रिजचं दुखणं उलटं आहे, त्याला बॉयलरच्या खोलीची ऊब सोसत नाही. त्याच्या माहितीच्या पट्टीवर एन, एसटी, टी अशी अक्षरं असतात. एन म्हणजे खोली 16 ते 32 अंश, एसटी 38पर्यंत, टी 43पर्यंत. बंद कोनाड्यात तो सतत धडधडत राहील आणि वीज खाईल.

वॉशिंग मशीन चालेल, पण बॉयलरच्या गॅसच्या नळाला टेकलेलं नको, हादऱ्याने सांधे सैल होतात. दाब वाढला की पाणी सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, बहुतेक घरगुती बॉयलरमध्ये तो 3 बारला उघडतो. त्याची नळी कुठे सुटते ते बघा, तिथून उकळतं पाणी येऊ शकतं. खाली विजेचं काहीही नको.

सिलिंडरचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यामुळे ठिणगी पडेल असं काही खाली ठेवू नका. नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो.

नवे बंद पद्धतीचे बॉयलर हवा बाहेरून घेतात, धूरही बाहेरच सोडतात. तुमचा तसा असेल तर माझ्या गोष्टीतला धोका फार कमी. तरी बाहेरच्या भिंतीवरचं त्याचं तोंड झाकू नका, आणि ड्रायरची नळी त्याच्या शेजारी काढू नका. बॉयलरच्या पुढे दुरुस्तीला जागा सोडा. किती, ते तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, अंतराचा आकडा हवा असेल त्यांनी तो तिथे बघावा.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर, कपाटात किंवा पडद्यामागे नको. युरोपीय मानकाप्रमाणे तो हवेत दशलक्षात 50 भाग वायू असला तर तास-दीड तासात वाजतो, 300 असला तर तीन मिनिटांत. आत्ता घरी गेल्यावर तो भिंतीवरून काढा आणि उलटा करून बघा, मागे बदलायची तारीख लिहिलेली असते. त्या बाईंच्या घरीही अलार्म होता. तारीख उलटून चार वर्षं झाली होती.