सोंग आणि सोंगटी

(दृश्य : बडोद्याच्या डांडिया बाजारातील वाडा. अरुंद लाकडी जिना. वरच्या खोलीच्या दारातून झिरपणारा निळा उजेड.)

शनिवार, रात्रीचे साडेदहा. वाड्याच्या खालच्या खोलीत आजींनी शेजारच्या वहिनींबरोबर सोंगट्यांचा पट मांडला आहे आणि वरच्या खोलीत त्यांची नात हेडफोन चढवून संगणकासमोर बसली आहे. खाली कवड्या खुळखुळतात, वर कीबोर्ड वाजतो, आणि मधल्या जिन्यावर उभे राहिले की दोन्ही आवाज एकदम ऐकू येतात. जिन्यावर चित्रीकरण करण्याचा आमचा मुळीच विचार नव्हता, परंतु पुढच्या तीन शनिवारी कॅमेरा पुन्हापुन्हा इथेच येऊन थांबला.

वरच्या खोलीत चालू आहे तो खेळ ‘फायनल फॅन्टसी १४’. या खेळात जगभरातील माणसे एकाच काल्पनिक प्रदेशात एकाच वेळी वावरतात. प्रत्येकाने आपले रूप, वंश आणि पेशा निवडायचा, आणि त्या रूपाने हिंडायचे, लढायचे, मासे पकडायचे किंवा नुसते चौकात उभे राहून गप्पा मारायच्या. अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यासाठी मराठीत नवा जोडशब्द घडवण्याची आवश्यकता नाही, कारण सोंग हा शब्द आपल्याकडे आहेच. भारुडात सोंग घेऊन उभा राहणारा माणूस खोटे बोलत आहे, असे प्रेक्षकांपैकी कोणी म्हणत नाही. सोंग घेतल्यामुळे त्याला जे बोलता येते, ते एरवी बोलता आले नसते, एवढे सर्वांना ठाऊक असते.

(दृश्य : पडद्यावर पांढऱ्या वेशातील स्त्री, हातात काठी. डोक्यावर नाव तरंगते आहे.)

नातीचे हे सोंग पाहा. नाव आहे विश्वामित्री, म्हणजे बडोद्यातून वाहणारी, मगरींसाठी प्रसिद्ध असलेली नदी. या विश्वामित्रीचे काम मात्र जखमी साथीदारांना बरे करण्याचे आहे. प्रत्यक्षात ही मुलगी वर्गात हात वर करत नाही, आणि आमच्या पहिल्या भेटीत तिने जेमतेम चार वाक्ये उच्चारली. रात्री अकरा वाजता तीच सात जणांना ठणकावून सांगते, “डावीकडे कोणी थांबू नका, मी दोघांना एकदम नाही वाचवू शकत.”

या खेळाच्या मोठ्या लढायांत आठ जणांचा चमू लागतो. दोघांनी शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे, दोघांनी जखमा भरायच्या आणि उरलेल्या चौघांनी प्रहार करायचे. घाव घेणाऱ्याला खेळाडू टँक म्हणतात आणि बरे करणाऱ्याला हीलर. या आठांपैकी दोघेच बडोद्याचे असल्यामुळे बाकीच्या सहा जणांचे केवळ आवाज आमच्याकडे आहेत. दुसरे बडोदेकर आहेत रावपुऱ्यातील काका. उंचपुरे, भरघोस मिशांचे, दिवसभर औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभे असणारे हे गृहस्थ या चमूचे टँक आहेत. त्यांचे सोंग लालाफेल नावाच्या बुटक्या वंशाचे आहे. कमरेएवढी उंची, वाटोळा चेहरा आणि स्वतःच्या अंगापेक्षा मोठी ढाल. बाकीचे सातही जण, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला एक जण धरून, त्यांना काकाच म्हणतात.

पहिल्या शनिवारी हा उल्लेख खाली आजींच्या कानावर गेला.

“कोण गं हा काका? रात्रीचे अकरा वाजलेत.”

“अगं आजी, आमचा टँक आहे तो.”

“टाकी?” असे म्हणून आजींनी कवड्या टाकल्या.

(दृश्य : जुनी टेलिटाइप यंत्रे, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे.)

या करमणुकीचा उगम पडद्यावर झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या सामायिक संगणकावर एक जग लिहायला घेतले आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे पुरे केले. लिहायला घेतले हा शब्दप्रयोग इथे अक्षरशः घ्यावयाचा आहे, कारण त्या जगात एकही चित्र नव्हते. तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात, असे वाक्य समोर उमटे. उत्तरेकडे असे टंकले की दुसरे वाक्य उमटे. त्याच रस्त्यावर दुसरा माणूस आला, तर त्याचे नावही उमटे, आणि सगळी गंमत त्या नावात होती. त्या खेळाचे नाव मड. संगणकावर कामाचा भार नसे अशा अपरात्रीच्या वेळी बाहेरच्या लोकांना त्यात येऊ दिले जाई, तेव्हा रात्री जागण्याची परंपराही त्याच्याइतकीच जुनी आहे.

१९८९च्या अखेरीस मडच्या जाणत्या खेळाडूंमध्ये एक वाद पेटला आणि तो सहा महिने चालला. माणसांना या खेळातून नेमके हवे तरी काय असते, हा वादाचा विषय. त्यावर विचार करून बार्टल यांनी १९९६ मध्ये एक निबंध लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार सांगितले, तेही पत्त्यांच्या रंगांत. खजिना आणि पदव्या मिळवणारे ते चौकट. कानाकोपरा उकरणारे ते इस्पिक, कारण इंग्रजीत इस्पिक म्हणजे कुदळ. माणसे जोडणारे ते बदाम. आणि दुसऱ्याला बडवण्यात सुख मानणारे ते किलवर, म्हणजे सोटा. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले, खेळाडूंची संख्या हजारांवरून लाखांत गेली, तरी हे चार रंग चर्चेतून गेले नाहीत. आमच्या काकांना आम्ही त्यांचा रंग विचारला. त्यांनी बराच विचार करून ‘बदाम’ असे उत्तर दिले आणि लगेच दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

(दृश्य : संध्याकाळ. व्यायाममंदिरात मल्लखांबावर चढणारी मुले.)

या शहराला खेळ हा विषय नवा नाही. जुम्मादादा व्यायाममंदिरात आजही मुले मल्लखांबावर उलटी लटकतात. १९२३ मध्ये हुतुतूचे सुधारलेले नियम ज्या अखिल भारतीय सामन्यांत लागू झाले, ते सामने बडोद्यात भरले होते, आणि दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही बडोद्यातच तयार झाला. खेळाचे नियम बसून, वाद घालून, लिहून काढावे लागतात, याची जाण इथे पूर्वीपासून आहे. ऑनलाइन खेळ म्हणजे बटणे बडवणे, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

(दृश्य : वरची खोली. नातीचे हात. ‘क्यू’ आणि ‘ई’ या कळांवरची अक्षरे झिजून गेलेली.)

आता लढाई पाहू. पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. समोर डोंगराएवढा राक्षस आहे, पण तो बेभरवशाचा नाही. त्याचे घाव बहुतांशी ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या सेकंदाला येतात. ते पाठ व्हावेत म्हणून पुन्हापुन्हा मरावे लागते. आठही जण पडले, की सर्व काही पूर्ववत होते आणि राक्षस पुन्हा ताजातवाना उभा राहतो. बहुतेक मुख्य कृतींमध्ये अडीच सेकंदांचे अंतर असते. नात काही वर्षे तबला शिकली आहे आणि तिने या अडीच सेकंदांची मात्रा धरली आहे. नीट पाहिलेत, तर मोकळ्या असलेल्या डाव्या करंगळीने ती टेबलाच्या कडेवर सम दाखवताना दिसेल. एक जखम भरली, पुढची कोणाला होणार हे तिला ठाऊक आहे, तेव्हा ती आधीच त्याच्याकडे वळली आहे. काका ढाल पुढे करतात. चौघे प्रहार करणारे एका वर्तुळात पांगतात, एकाच क्षणी आत येतात, पुन्हा पांगतात. नवरात्रात इथे मैदानांवर गरबा खेळणाऱ्यांना हे चटकन ओळखता येईल : टाळीला पाऊल चुकले, तर मागचा येऊन आदळतो.

सातव्या मिनिटाला कोणाचे तरी पाऊल चुकते.

(दृश्य : पडदा काळवंडतो. तीन सेकंद शांतता.)

हेडफोनमधून आलेला पहिला आवाज काकांचा आहे. “माझं चुकलं. परत.” चूक त्यांची नव्हती, हे चित्रीकरण पाहताना आम्हाला दिसले, आणि नातीला ते तेव्हाच दिसले होते. ती काही बोलली नाही. त्या रात्री असा मृत्यू अकरा वेळा आला आणि अकराही वेळा आठ जण त्याच जागी परत येऊन उभे राहिले. यात मजा कोणती, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. नातीने त्याचे दिलेले उत्तर असे : “मी पाच मिनिटं पाणी प्यायला उठले तर सात जण थांबतात. दुसरीकडे कुठे थांबतं कोण?”

(दृश्य : दुपार. नात आणि तिचा मामेभाऊ, दोन लॅपटॉप, मध्ये चिवड्याची ताटली.)

अकरावीत शिकणारा हा मामेभाऊ अजून त्या आठांत नाही. या खेळात पातळी ७० पर्यंतचा भाग फुकट खेळता येतो आणि तो तिथेच समाधानी आहे. काकांचे मत याबाबत पारंपरिक आहे : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, आणि मासिक वर्गणी हे त्यातले दुसऱ्या प्रकारचे सोंग आहे.

मुलाच्या नावाशेजारी दिसणारा हिरवा कोंब नवख्यांची खूण आहे. आपल्या लहानपणी अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेत असत, म्हणजे तो धावणार, ओरडणार, पण बाद होणार नाही. हा कोंब त्याच जातीचा आहे. फरक असा, की अंगणात लिंबूटिंबूला आईच्या धाकाने घेतले जाई, तर या खेळाच्या रचनाकारांनी त्यासाठी नियम केला आहे. चौघांनी मिळून एखाद्या भुयारात उतरायचे असले आणि त्यातल्या एकाने ते भुयार पूर्वी पाहिलेले नसले, तर सोबतच्यांना वरचे बक्षीस मिळते. मुरलेल्या खेळाडूचे बळही तिथे आपोआप कमी होऊन भुयाराच्या पातळीवर येते. परिणामी, दहा वर्षे खेळणारा माणूस नवख्याला कंटाळत नाही, उलट तो आला की खूश होतो. चांगुलपणा माणसाच्या स्वभावावर न सोडता नियमात बसवणे ही मोठी कारागिरी आहे आणि तिची दखल घेतली जात नाही.

मुलगा चुकीच्या दिशेने धावतो आणि चार राक्षस अंगावर ओढवून घेतो.

“ताई, मेलो!”

“दिसतंय. उठवते, थांब.”

अनोळखी तिसरा खेळाडू, जो कोणत्या देशातला आहे हे दोघांनाही माहीत नाही, आपल्या सोंगाला टाळ्या वाजवायला लावतो.

खेळाची दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरचा ताबा सुटण्याला २०१९ मध्ये मान्य झालेल्या रोगवर्गीकरणात विकार म्हणून स्थान दिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, मात्र हा खेळ त्या प्रकारात मोडत नाही. नातीचा पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, तो पुढे सुटला.

(दृश्य : तिसरा शनिवार. खालची खोली. कापडी पटाचा जवळून घेतलेला भाग. उसवलेली कडा पुन्हा शिवलेली.)

आजींचा पट त्यांच्या सासूबाईंच्या हातचा आहे. एक कवडी फार पूर्वी हरवली आणि तिच्या जागी घासलेला चिंचोका आला, तो दानात कसा मोजायचा याचे घरचे नियम आहेत आणि त्यावरून वहिनींशी होणारा वाद आम्ही दोनदा चित्रित केला. दान पडले की आजींचा चेहरा बदलतो. वरच्या खेळातही दान आहे. राक्षस पडल्यावर पेटी उघडते आणि आतल्या वस्तूसाठी प्रत्येकासमोर तीन बटणे येतात : गरज, हाव आणि नको. आपल्याला हाव आहे हे माणसाने स्वतः बटण दाबून जाहीर करायचे, असा प्रामाणिकपणा आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही. मग यंत्र प्रत्येकाच्या नावाने आकडा काढते आणि ज्याचा मोठा, त्याची वस्तू.

परंतु ती पेटी आम्हाला चित्रित करता आली नाही. तीन शनिवार कॅमेरा लावून बसलो, तिसऱ्या रात्री राक्षसात जेमतेम दोन टक्के जीव उरला असताना सगळे पडले, आणि तो अखेर मेला तो पुढच्या बुधवारी, आम्ही नसताना. आमच्याकडे आहे ते नातीने पाठवलेले एक स्थिरचित्र. आठ जण ओळीत उभे आहेत, मागे राक्षस आडवा पडला आहे.

(दृश्य : मोबाइलवरचे स्थिरचित्र. आजींचे बोट.)

आजींनी चष्मा लावून ते पाहिले. पांढऱ्या वेशातील नात त्यांनी न सांगता ओळखली. नंतर बोट ओळीच्या टोकाला असलेल्या, ढालीमागे जवळजवळ झाकलेल्या बुटक्या आकृतीवर थांबले.

“हा कोण?”

“हेच काका.”

आजींनी मोबाइल थोडा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला, आणि पटावरच्या कवड्या गोळा करता करता विचारले, “मग दान कोणाला पडलं?”