स्टिकवर ३२००, स्क्रीनवर २४००

बाहेरच्या फळ्यावर 'रॅम वाढवल्यावर वेग का बदलतो' असा विषय लिहिलाय आणि खाली 'व्याख्यानानंतर चहा'. खालची ओळ वाचून आलेल्यांचंही स्वागत. (हशा) तुमच्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलंय, तेव्हा रॅम म्हणजे काय हे सांगत बसत नाही. थेट पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाऊ.

माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबीची एकच स्टिक होती, डीडीआर४ या पिढीची, २४०० ची, म्हणजे सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा डेटा पाठवणारी. दुसरा स्लॉट रिकामा. एका दुकानात ८ जीबी मागितली. दुकानदारानं लॅपटॉपचं मॉडेल विचारलं नाही, प्रोसेसर विचारला नाही. ड्रॉवरमधून स्टिक काढली आणि म्हणाला, "साहेब, ३२०० ची देतोय. पळेल बघा." बिलावर मात्र नुसतं 'रॅम, १ नग'. ३२०० चं नाव नाही!

घरी बसवली. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच. यात घाबरण्यासारखं काही नसतं बरं का. नवी स्टिक दिसली की मशीन तिचा अंदाज घेतं, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात बटण दाबत सुटू नका. मग विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्स, मेमरी. वेग २४००!

भाचा आलेला होता, इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सीपीयू-झेड हे आतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि ओरडला, "मामा, इथं तर १२०० दिसतंय! निम्म्यात गंडवलं तुला." अरे बाबा, डीडीआर मेमरी क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर पाठवलेला डेटा. १२०० आणि २४०० एकच. कॉलेजात फी कशाची भरतात, देव जाणे. (हशा)

दुकानात परत गेलो. "साहेब, लॅपटॉप चालू आहे ना? मग?" एक वाजत आला होता, शटर अर्धं खाली. पुढचा वाद शक्यच नव्हता. (मोठा हशा)

माझा राग स्टिकवर नाही. स्टिक अस्सल होती. पण ३२०० हा तिचा कमाल वेग. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात ती स्टिक कुठल्या कुठल्या वेगानं चालू शकते याचा तक्ता असतो. बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम, दोन्ही स्टिकचे तक्ते वाचतो, प्रोसेसरची मर्यादा बघतो आणि सगळ्यांना झेपेल तो वेग ठरवतो. माझा प्रोसेसर आय५-८२५०यू. रॅमशी बोलणारा भाग, मेमरी कंट्रोलर, त्याच्या पोटातच असतो आणि डीडीआर४ ला तो २४०० च्या वर जात नाही. दोन्ही स्टिक ३२०० च्या घातल्या असत्या तरी आकडा तोच. एक प्रश्न विचारला असता तर हे काउंटरवरच कळलं असतं!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, तीन मिनिटं. आणि खरा मुद्दा तर आत्ता सुरू होतोय.

तर भराभर. आकडा खाली आला म्हणजे लॅपटॉप मंदावला असं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ३२०० ची एकच ८ जीबी होती: सेकंदाला २५.६ जीबी. त्यांनी २६६६ ची दुसरी ८ जीबी घातली, दोन्ही २६६६ वर आल्या, साहेब हवालदिल. पण आता चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले रस्ते, दोन झाले: सेकंदाला ४२ जीबीच्या वर. लकडी पुलाशेजारी दुसरा पूल बांधला, तर दोन्हींवर गाड्या जरा हळू गेल्या म्हणून काय बिघडलं? माझ्याकडे ४ अधिक ८, म्हणून इंटेलच्या फ्लेक्स मोडमध्ये ४-४ जोडीनं चालतात, उरलेले ४ एकटे.

उशीर, म्हणजे लेटन्सी; डेटा येईपर्यंत किती ठोके थांबायचं तो आकडा म्हणजे सीएल. २४०० ची सीएल १७ घ्या, सुमारे १४.२ नॅनोसेकंद. ३२०० ची सीएल २२ घ्या, १३.७५. भांडायचं कशावरून? ब्राउझर आणि एक्सेलमध्ये हा फरक शोधूनही सापडणार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये मात्र दुसरा चॅनल चांगलाच जाणवतो.

खरेदीआधी प्रोसेसरची मर्यादा बघा आणि स्लॉट रिकामा आहे का तेही बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. हो, दुसरी चिठ्ठी दिसली मला. डीडीआर५ चं कुणीतरी विचारत होतं: डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये ती बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.