हरले कमी, तरी दुसरे

श्रोतेहो, नमस्कार.

हा ऑगस्ट 2025 चा महिना, आणि आज बोलायचं आहे ते फुटबॉलवर, तेही इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेवर. 'पोळा तोंडावर आला, कपाशीवर फवारणी बाकी, अन् याले विलायतेतला फुटबॉल सुचते,' असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या. आमच्या वणी-मारेगावच्या पट्ट्यात फाट्यावरच्या पानठेल्याशी जाऊन उभे राहा. भाव, पाऊस आणि राजकारण झालं की चौथा विषय हाच निघतो. हिवाळ्यात तर पाहायलाच नको. कृषिपंपाची थ्री फेज लाइन रात्रीच्या पाळीत येते. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावून पोट्टे बांधावर बसतात, मोबाइल पाण्याच्या कॅनला टेकवतात आणि पाइप बदलायचे ते हाफटाइमला. मॅच फारच रंगली तर एका जागेला पाणी जास्त होतं. बाप सकाळी वावरात आला की चिखल पाहूनच ओळखतो, काल मोठी मॅच होती.

तसा फुटबॉल आपल्याकडे परका नाही. कामठीत छावणीच्या काळापासून चेंडू लाथाडला जातो आहे. पण गावखेड्यात हा नाद घरोघर पोचवला तो मोबाइलने.

मी स्वतः मँचेस्टर युनायटेड या संघाचा चाहता. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या काळात लागलेला नाद. त्या माणसाने 1986 ते 2013 या काळात संघ सांभाळला आणि 13 वेळा लीग जिंकून दिली. आता आमची अवस्था सांगायला नको, पण सांगतो. मागच्या, म्हणजे 2024-25 च्या, मोसमात आम्ही 42 गुण मिळवून 15व्या स्थानी होतो. त्यामुळे ठेल्यावर मी तोंड उघडलं की एखादा पोट्टा हमखास म्हणतो, 'काका, तुमचा संघ तं पंधरावा आला, तुम्ही काहून बोलून राह्यले?' त्याला माझं उत्तर ठरलेलं असतं. बाबू, ज्याचा संघ शर्यतीत नाही, त्याच्याकडेच दुसऱ्याच्या मॅनेजरकडे, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाकडे, नीट पाहायला वेळ असतो.

सध्या वाद पेटला आहे तो आर्सेनलचा मॅनेजर मिकेल आर्टेटा याच्यावर. गेल्या रविवारी, 17 ऑगस्टला, याच आर्सेनलने आम्हाला आमच्याच मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, 1-0 ने हरवलं. तेराव्या मिनिटाला त्यांच्या डेक्लन राइसने कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, घेतला. चेंडू आत वळत थेट गोलकीपरच्या अंगावर आला. गोलजवळ आर्सेनलवाल्यांनी एवढी दाटी केली होती की कीपरला हात धड वर काढता आला नाही. चेंडू जेमतेम त्याच्या हाताला लागला आणि आर्सेनलच्या कालाफिओरीने डोक्याने तो आत ढकलला. ठेल्यावर आर्सेनलवाले नाचले. आमच्यातला एक म्हणाला, 'हे काय फुटबॉल आहे? नुसती ढकलाढकली!'

मला मात्र ते पटलं नाही. ही ढकलाढकली घोटून घेतलेली असते. निकोला जोव्हर नावाचा एक प्रशिक्षक आर्सेनलने फक्त कॉर्नर आणि फ्री किक यांसाठी ठेवला आहे. तो 2021 मध्ये मँचेस्टर सिटीकडून आला, आर्टेटाही तिथलाच, सिटीचा मॅनेजर पेप गार्डिओला याच्या हाताखाली शिकलेला. नेहमीच्या खेळातून गोल होत नसेल तर तो कॉर्नरवरून काढायचा, हे आधी ओळखून त्यासाठी माणूस नेमणं हे मॅनेजरचंच डोकं. आपला संघ त्यानेच हरला म्हणून त्याला नावं ठेवणं मला जमत नाही.

मग आर्टेटाविरुद्ध तक्रार काय? ठेल्यावर ती एका वाक्यात होते: 'जिंकत नाही.' तो डिसेंबर 2019 मध्ये आला. आधी दोनदा आठवा, मग पाचवा आणि त्यानंतर सलग तीन मोसम दुसरा. एक एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, तेवढा 2020 मध्ये मिळाला. आर्सेनलवाले म्हणतात, पडलेला संघ त्याने उभा केला. विरोधक म्हणतात, उभा केला, पण धावत नाही. या वादाला पोळ्याच्या झडत्यांसारखा रंग चढतो. एकाने फेकायची, दुसऱ्याने उचलायची, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्हीकडून ओरडायचं.

मी ठेल्यावर एकच गोष्ट सांगतो, तीच तुम्हाला सांगतो. गुणतक्त्यात नुसते जिंकलेले आणि हरलेले सामने पाहू नका, मधला, ड्रॉचा म्हणजे बरोबरीचा, रकाना पाहा. मागच्या मोसमात लिव्हरपूल 38 पैकी 4 सामने हरलं. आर्सेनल किती हरलं? तेही 4च. तरी लिव्हरपूल 84 गुणांवर विजेतं आणि आर्सेनल 74 वर. दहा गुण गेले कुठे? लिव्हरपूलचे 9 सामने ड्रॉ झाले, आर्सेनलचे 14. विजयाला तीन आणि ड्रॉला एक गुण मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दोन गुण हातचे जातात हे कोणी मोजत नाही. पाच ड्रॉ जास्त म्हणजे बरोबर दहा गुण कमी.

विजयाला तीन गुणांचा हा नियम इंग्लंडमध्ये 1981 पासून आहे. त्याआधी विजयाला दोनच गुण मिळायचे. आता गंमत बघा. 2018-19 मध्ये यर्गन क्लॉपचं लिव्हरपूल अख्ख्या मोसमात एकच सामना हरलं आणि 97 गुण घेऊन दुसरं आलं. सिटी चार सामने हरली आणि 98 गुणांवर पहिली आली. लिव्हरपूलचे 30 विजय, 7 ड्रॉ. सिटीचे 32 विजय, 2 ड्रॉ. जुन्या दोन गुणांच्या हिशोबाने मोजा, लिव्हरपूल 67 आणि सिटी 66. म्हणजे नियम जुना असता तर त्या वर्षी क्लॉप जिंकला असता. मी युनायटेडचा माणूस, लिव्हरपूलसाठी हळहळणं माझ्या धर्मात बसत नाही, पण हा आकडा पाहिला की थोडं वाटतंच.

आर्टेटाचं दुखणं याच रकान्यात आहे. 2023-24 मध्ये त्याच्या संघाने 91 गोल केले आणि ड्रॉ फक्त 5. त्या वर्षी तो सिटीपेक्षा दोनच गुण मागे राहिला, विजय दोघांचेही 28. पुढच्या वर्षी गोल घसरून 69 वर आले आणि ड्रॉ 14. बचाव दोन्ही वर्षी लीगमधला सर्वांत चांगला. गोष्ट साफ आहे, गोल खाणं त्याने थांबवलं, पण करणारं माणूस कमी पडलं. पुढच्या फळीतला साका डिसेंबरात जखमी होऊन काही महिने बसला, हॅवर्ट्झ आणि जेझुसही जखमी झाले, आणि शेवटी मेरिनो या मधल्या फळीतल्या खेळाडूला पुढे उभं करावं लागलं. 'नशीब खराब,' असं आर्सेनलवाले म्हणतात. जखमांना कोणाचा इलाज नाही, कबूल. पण मोसम सुरू होताना हाडाचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा मुख्य माणूस, घेतला नाही, हे नशिबाच्या खात्यात कसं घालणार? यंदा तसा एक, ग्योकेरेस, आणला आहे. पोर्तुगालच्या लीगमध्ये त्याने मागच्या मोसमात 39 गोल केले. उशिरा का होईना, उमजलं.

आता क्लॉपनंतर लिव्हरपूलचा मॅनेजर झालेला आर्ने स्लॉट. त्याच्याबद्दल ठेल्यावरचं मत फार कडू. 'क्लॉपने शिजवलं, याने वाढून घेतलं.' पहिल्याच वर्षी लीग, तीही चार सामने शिल्लक ठेवून, आणि मैदानात खेळणारा नवा माणूस म्हणाल तर एक किएझा. मग यात त्याचं काय कर्तृत्व, असा सवाल. इथे मी मध्ये पडतो, कारण तयार ताटावर बसणं किती सोपं असतं ते आम्ही युनायटेडवाल्यांनी भोगलं आहे. फर्ग्युसनने 2013 मध्ये विजेता संघ डेव्हिड मोयसच्या हाती दिला. पुढच्या एप्रिलमध्ये मोयस घरी, आणि संघ सातवा. बहुतेक तेच खेळाडू, तेच मैदान. थोर माणसाची खुर्ची सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे, आणि स्लॉटने ते केलं.

गार्डिओलावर फार बोलत नाही. सात मोसमांत सहा वेळा लीग, 2023 मध्ये एकाच वर्षी लीग, एफए कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग असे तिन्ही मोठे चषक. पैशाचं म्हणाल तर लीगने सिटीवर 2023 मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे आरोप ठेवले, क्लबने ते नाकारले, तो वकिलांचा भाग. पैसा आमच्या युनायटेडनेही ओतला, आणि काय मिळालं ते वर सांगितलंच. मागच्या मोसमात मधल्या फळीचा आधार असलेला रॉड्री गुडघ्याच्या दुखापतीने बसला आणि सिटी 71 गुणांवर तिसरी आली. यंदा पहिल्याच सामन्यात वुल्व्ह्जला 4-0. त्यांना मोडीत काढणाऱ्याने जरा थांबावं.

मग यंदा कोण? लिव्हरपूलने पहिल्या सामन्यात बोर्नमथविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवली, 2-2 झालं, आणि 88व्या मिनिटाला त्याच किएझाने गोल केला. शेवटी 4-2. आर्सेनलचा मागच्या वर्षीचा संघ तिथे एक गुण घेऊन गप्प घरी गेला असता. पण घरच्या मैदानावर बोर्नमथकडून दोन गोल खाणारा बचाव मला भरवशाचा वाटत नाही. माणसंही बरीच बदलली आहेत, जमायला वेळ लागेल. म्हणून माझं मत आर्सेनलला, एका अटीवर: ड्रॉ आठच्या आत राहिले पाहिजेत. ठेल्यावर हे सांगितलं तेव्हा आमच्याच पक्षातल्या पोट्ट्यांनी मला गद्दार ठरवलं, आणि आर्सेनलवाल्याने खर्रा पुढे केला. तो मी घेतला नाही.

येत्या 31 ऑगस्टला, रविवारी रात्री 9 वाजता, लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल आहे. बघणार असाल तर निकाल बाजूला ठेवा आणि सत्तराव्या मिनिटानंतर आर्टेटाच्या राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघा. सामना बरोबरीत असेल आणि तो बचावपटूला उतरवत असेल, तर माझं मत तुम्ही खुशाल खोडा. फॉरवर्ड उतरवला तर सोमवारी सकाळी ठेल्यावर या, चहा माझ्याकडून.

नमस्कार.