गुलाबी पिल्लाचा पांढरा कोंबडा

डोंबिवलीतील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर फिरणारा हा पांढराशुभ्र कोंबडा बाजारातून घरी आला तेव्हा गुलाबी होता. अंड्यांसाठीच्या जातींची पिल्ले जिथे उबवली जातात, तिथे साधारण निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे भराभर वजनही धरत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी ते बाजूला काढले जातात. त्यांतले बरेचसे मारले जातात, तर काही रंगात बुडवून जत्रांमध्ये आणि आठवडी बाजारांत विकायला येतात. हा रंग पहिल्या पिसांबरोबर गळून जातो, दीड-दोन महिन्यांत तुरा लाल होऊ लागतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात, भल्या पहाटे, पिल्लू नर असल्याचे सगळ्या इमारतीला एकदमच कळते. मुलीने ठेवलेले ‘पिंकी’ हे नाव मात्र अजून कायम आहे.

पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते, ही शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. रात्री डालग्याखाली झाकून पाहिले, वर गोणपाट टाकले, तरी उपयोग झाला नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही शरीरातल्या घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी आरवतात. मान ताणता येऊ नये म्हणून बुटक्या खोक्यात कोंडण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो क्रूरपणा आहे, आणि त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. देवळाच्या आवारात किंवा माळावर सोडून देणे हीसुद्धा सुटका नव्हे, कारण माणसाच्या हातून दाणे खाऊन वाढलेला पांढरा पक्षी कुत्र्याला, मुंगसाला आणि घारीला लांबूनच दिसतो. प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मग त्याच्यासाठी दुसरे घर शोधणेच उरले. कोंबडा फुकट न्यायला माणसे मिळतात, विशेषतः आषाढात, गटारी तोंडावर आली की फारच आपुलकीने मिळतात. म्हणून या घरातल्या आजींनी फोनवरचा पहिलाच प्रश्न ठरवून ठेवला होता: “पाळायला नेताय की कापायला?” उत्तर द्यायला जो अडखळला, त्याच्याशी बोलणे तिथेच संपले. झुंजींसाठी पक्षी शोधणारे लोक अंगकाठी आणि पायामागचा काटा यांचीच चौकशी करतात, हेही त्यांच्या लक्षात आले.

खरी गरज कोणाला असते? आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, त्यामुळे बहुतेक खुराड्यांत जागा आधीच भरलेली असते. मात्र वर्षानुवर्षे त्याच रक्ताची पैदास होऊन पिल्ले कमजोर निघू लागली, की जाणता शेतकरी बाहेरचा नर आणतो. मुरबाडजवळच्या एका शेतकऱ्याला असाच नर हवा होता, पण पांढरा पाहून तो विचारात पडला. अंड्यांच्या या जातींच्या माद्या क्वचितच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतात, आणि गावठी कोंबडीची अर्धी किंमत तर तिच्या खुडूक बसण्यातच असते. या नरापासून झालेल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंडी जास्त देतील, पण उबवतील का? त्याची ही शंका रास्त होती. अशी शंका काढणाऱ्याच्याच खुराड्यात पक्षी द्यावा, असे आम्हाला वाटते.

आजींनी मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची) लस कधी टोचली ते कागदावर लिहून दिले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, ऊन चढण्याआधी, पिंकी मुरबाडला पोहोचला. तिथे त्याला तीन आठवडे वेगळ्या जाळीत ठेवण्यात आले, कारण एका आजारी पाहुण्यापायी सगळा कळप जाऊ शकतो. मग एका रात्री, कोंबड्या दांडीवर झोपल्या असताना, त्याला त्यांच्याशेजारी बसवले. सकाळी टोचाटोची झालीच. एका थोराड काळ्या कोंबडीने त्याला दाण्यांपासून दोन दिवस हुसकून लावले, आणि तो निमूटपणे कुंपणाकडेला चरत राहिला.

निघताना आजींनी शब्द मागितला होता. “पाहुणे आले तरी याला हात लावणार नाही, आजी,” शेतकरी म्हणाला, “पण म्हातारा झाल्यावर काय, ते आत्ताच कसं सांगू?” त्यावर आजींनी, तशी वेळ आली तर आधी आम्हाला फोन करायचा, एवढीच अट घातली, आणि त्याने ती मान्य केली.